एडवर्ड आपल्या ओळखीचाच होता

२०१२ साली दहावीची परीक्षा संपली आणि साताऱ्यात आमच्या ग्रुपमध्ये ‘ट्वायलाइट’ मालिकेची चार पुस्तकं हातोहात फिरायला लागली. ‘एक्लिप्स’ माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्याचं कव्हर निघालेलं होतं. एडवर्ड कलनवर आम्ही सगळ्या फिदा होतो. वर्गातली मुलं चिडवायची, उन्हात चमकणारा कसला व्हॅम्पायर गं तुमचा!

परवा, अठ्ठाविशीत, चारही पुन्हा वाचली. तेव्हा वाटलं, चिडवणारेही चुकले आणि आम्हीही. सगळ्यांचं लक्ष त्या चमकण्याकडे राहिलं, ट्रकच्या इंजिनाकडे कुणी बघितलंच नाही.

‘एक्लिप्स’मध्ये बेला जेकबला भेटायला निघते, पण ट्रक सुरूच होत नाही. एडवर्डने इंजिनातला भाग काढून ठेवलेला असतो. कारण काय, तर तिची सुरक्षितता. पहिल्या पुस्तकात तो रात्री तिच्या नकळत खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो. हा १९१८ मध्ये सतराव्या वर्षी व्हॅम्पायर झालेला, म्हणजे खऱ्या वयाने शंभरी ओलांडलेला माणूस. हे कळल्यावर बेला मनातून सुखावते. पुढे जेकब जबरदस्तीने तिचं चुंबन घेतो, त्याला ठोसा मारताना तिचाच हात मोडतो आणि तिचे वडील कौतुक करतात ते जेकबचं!

सोळाव्या वर्षी यातलं काहीही मला खटकलं नाही. का? ‘असली इंग्रजी पुस्तकं पोरी बिघडवतात’ हे उत्तर आपल्याकडे तयारच असतं. मला ते साफ नामंजूर आहे. खटकलं नाही, कारण ते ओळखीचं होतं. दहावीत एकदा क्लासवरून अर्धा तास उशिरा आले, तर बाबांनी माझ्या सायकलची चावी आठवडाभर स्वतःच्या खिशात ठेवली. काळजीपोटी. पुढे सांगलीत इंजिनिअरिंगला गेले, तिथे मुलींच्या होस्टेलचं गेट साडेआठला बंद, मुलांचं उघडं. तेही काळजीपोटीच. एडवर्डने फक्त ही काळजी देखणी केली.

आणि मालिकेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायलाच हवी. बेलाला काय हवंय हे ती ठामपणे सांगते, तिची इच्छा कथेच्या मध्यभागी असते. आमच्या वाट्याला आलेल्या गोष्टींमध्ये मुलींना असं काही हवं असणंच मंजूर नव्हतं. आम्ही अधाशासारखं वाचलं ते त्यासाठी. म्हणून पुस्तकं काढून घेऊ नका. ती पुन्हा, मोठ्याने, एकत्र वाचा आणि विचारा: ही काळजी आहे की पाळत? काळजी करणारा माणूस तुमचं ‘नाही’ ऐकतो. पाळत ठेवणाऱ्याला तुमचं उत्तर लागतच नाही, त्याला लोकेशन पुरतं.

लोकेशन हा शब्द उगाच वापरला नाही. माझी सतरा वर्षांची मावसबहीण सांगलीत शिकते. तिचा बॉयफ्रेंड तिच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन मागतो. आठ तास संपले की ती पुन्हा आठ तास टाकते. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. असं बटण बनवायला फार काही लागत नाही आणि ते कोण कुणावर वापरतंय हे बटणाला कधीच कळत नाही. तिला म्हटलं, “बंद कर हे.” ती म्हणाली, “काळजी करतो गं ताई तो.”

मी तिला ट्रकचा प्रसंग वाचायला दिला. तिने वाचला, थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पण आईपण माझं लोकेशन बघतेच ना. तिला सांगशील का बंद करायला?”

यावर माझी बोलती बंद झाली. सतरा वर्षं जिला घरात हेच प्रेम म्हणून मिळालं, तिने ते बाहेर ओळखायचं कसं?

त्या रात्री मी आधी मावशीला फोन लावला.