आमची हापशी वेगळी

चार वर्षांपूर्वी तेल्हारा तालुक्यातल्या एका गावात बौद्ध वस्तीसाठी वेगळ्या हापशीचा अर्ज मीच लिहून दिला होता. गावच्या नळावर वस्तीतल्या बायकांच्या घागरी मागे सारल्या जात. सारणारे हातही बायकांचेच. हापशी बसली, भांडण थांबलं आणि मी अहवालात ‘प्रश्न सुटला’ असं लिहिलं.

अलीकडे महाडच्या खटल्याचं वाचताना तो अर्ज आठवला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, हे आपण दरवर्षी सांगतो. कोर्टात पुढे काय झालं ते सांगत नाही. त्याच डिसेंबरात स्पृश्यांनी दावा लावला. महाड, ठाणे करत तो मुंबई हायकोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ ला निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पण कशावर? मज्जावाची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही म्हणून. माणसांना वेगळं ठेवणं मुळातच अन्यायाचं आहे का, या प्रश्नाचं उत्तर कोर्टाला द्यावंच लागलं नाही.

ते उत्तर अमेरिकेतल्या एका निकालात मिळतं. तिथल्या सुप्रीम कोर्टाने १८९६ मध्ये काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे मान्य केले होते : सोय सारखी असली की झालं. १७ मे १९५४ ला त्याच कोर्टाने एकमताने सांगितलं, की शाळांच्या इमारती, पुस्तकं, पगार सारखे असले तरी मुलांना रंगावरून वेगळं बसवणं हीच विषमता आहे.

मग माझी हापशी काय होती? वेगळा डबाच. आणि सोय तरी सारखी कुठे? आपला हा खारपाणपट्टा. गावच्या नळाला वान धरणाचं गोडं पाणी, हापशीला खारं. त्यात डाळ शिजत नाही.

कायदा नाही असं नाही. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव स्पष्ट लिहिलेत, १७ व्याने अस्पृश्यता संपवली. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्नाटकातल्या एका गावात दलितांना बोअरवर पाणी भरू न देणाऱ्यांना दोषी ठरवलं. हायकोर्टाने त्यांना सोडलं होतं. पण तिथे कुणीतरी पाण्याला गेलं, अडवलं गेलं, तक्रार केली, म्हणून खटला उभा राहिला. आम्ही वेगळी हापशी मागून ती वेळच टाळली.

हे सगळं मी वस्तीच्या बैठकीत बोलले. एक आजी म्हणाल्या, “बाई, रोजचं भांडण कोन करत बसन? आपली हापशी आपल्यापाशी बरी.” त्यांना चूक कसं म्हणू? घागर त्यांच्या डोक्यावर असते, माझ्या नाही.

तरीही नवा अर्ज लिहिला आहे. त्यात हापशी नाही, गावचाच नळ मागितला आहे. अंगठे, सह्या मिळून अकरा झाल्या. सही करताना एक सून म्हणाली, “पयल्या दिवशी आमच्यासंग नळावर कोन येईन?”

मी येईन म्हटलं. गावातल्या बचत गटाच्या बाकीच्या बायकांना अजून विचारायचं आहे.