चूक त्याची, हप्ता माझा?

अमेरिकेतल्या मराठी घरांत गाडीच्या विम्याचं नूतनीकरण आलं की हप्ता कमी करण्यासाठी 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट' या ओळीवर फुली मारण्याचा मोह होतो. ठोकणाऱ्याकडे विमाच नसेल, किंवा तो ठोकून पळाला, तर आपल्याला झालेल्या इजेची भरपाई आपलीच कंपनी देते, ती ही तरतूद. बोलताना नुसतं 'यूएम'. फुली मारणाऱ्याचा सवाल बिनतोड वाटतो: चूक त्याची, तर पैसे मी का भरू?

सवालातला संताप रास्त आहे. विमा न काढणाऱ्याचा भुर्दंड काढणाऱ्यावर पडतो, हा अन्यायच. पण संताप रास्त असला म्हणून हॉस्पिटलचं बिल फिटत नाही. इन्शुरन्स रिसर्च कौन्सिलच्या अंदाजानुसार २०२२ साली अमेरिकेतले सुमारे १४ टक्के चालक विम्याविना गाडी हाकत होते.

'पण विमा तर कायद्यानं सक्तीचा आहे ना?' सगळीकडे नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये सर्वसाधारण चालकाला तो सक्तीचा नाही. फ्लोरिडात बहुतेक गाडीमालकांना समोरच्याच्या शारीरिक इजेचा विमा न घेताही कायदेशीरपणे गाडी चालवता येते. आणि सक्ती असलेल्या राज्यांत हप्ता थकवून पॉलिसी बंद पडू देणारे काय कमी आहेत?

खरी गफलत मात्र आपण भारतातून सोबत नेलेल्या समजुतीची आहे. भारतात थर्ड पार्टी विम्यात मृत्यू आणि शारीरिक इजेच्या भरपाईला रकमेची कमाल मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम विमा कंपनी भरते. त्यामुळे 'समोरच्याचा विमा आहे' एवढं कळलं की आपण निश्चिंत होतो. अमेरिकेत विमा असणं आणि पुरेसा असणं यांत मोठं अंतर आहे. कॅलिफोर्नियात सक्तीची किमान मर्यादा एका जखमीमागे १५ हजार डॉलर होती. ती १ जानेवारी २०२५ पासून ३० हजार झाली, आणि एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६० हजार. पायाचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली तर ही रक्कम कुठल्या कुठे जाते. मग विमेवाला चालकही जवळजवळ बिनविम्याचाच. त्यासाठी 'अंडरइन्शुअर्ड' तरतूद असते. कॅलिफोर्नियात ती यूएमसोबतच येते. पण तिथे समोरच्याकडून मिळालेली रक्कम तुमच्या मर्यादेतून वजा होते. तुमचीही मर्यादा ३० हजार आणि त्याचीही ३० हजार, तर हाती येतं शून्य. 'किमान घेऊन ठेवलंय' म्हणणाऱ्यांनी हे वजाबाकीचं गणित एकदा करून पाहावं.

'कोर्टात खेचू त्याला!' खेचा. निकालही तुमच्या बाजूनं लागेल. पण ज्याला विम्याचा हप्ता झेपला नाही, त्याच्याकडून लाख डॉलर वसूल कसे करणार? त्यानं दिवाळखोरी जाहीर केली, तर निष्काळजीपणाचं हे देणं माफही होऊ शकतं. दारू पिऊन इजा केली असेल तर कायदा तशी सूट देत नाही. पण सूट नाही म्हणून त्याच्या खिशात पैसे येत नाहीत.

'माझा आरोग्य विमा आहे, शिवाय गाडीला फुल कव्हरेज आहे.' फुल कव्हरेज ही एजंटांची बोली. त्यातलं कोलिजन कव्हर पत्रा दुरुस्त करतं, पाठीचा कणा नाही. आरोग्य विमा डिडक्टिबल वगळून उपचारांचे पैसे देतो. बुडालेला पगार आणि भोगलेल्या वेदना त्याच्या हिशेबात नाहीत. त्यात पुण्या-नाशिकहून आलेले आईवडील मागच्या सीटवर असले तर? त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सची मर्यादा बेताची असते. गाडीत बसलेल्यांना मात्र सर्वसाधारणपणे त्या गाडीच्या यूएमचा आधार मिळतो.

यूएमचीही एक कडू बाजू आहे, ती एजंट सांगणार नाही. क्लेम करताच तुमची कंपनी तुमची राहत नाही. ती ठोकणाऱ्याच्या जागी उभी राहते. चूक तुमचीच होती, दुखणं जुनंच होतं, असं सगळं म्हणू शकते. कॅलिफोर्नियात अशा वादांचा निवाडा सहसा लवादापुढे होतो. पळून गेलेल्या गाडीच्या बाबतीत तिथे २४ तासांत पोलिसांना कळवावं लागतं आणि ३० दिवसांत कंपनीला शपथेवर निवेदन द्यावं लागतं. पण भांडायला समोर पैसे असलेला पक्ष असणं आणि कोणीच नसणं, यांतलं काय निवडायचं याला फार विचार लागू नये.

तेव्हा पॉलिसीचं पहिलं पान आजच काढा. त्यावर लायबिलिटीच्या, म्हणजे समोरच्याच्या इजेसाठी तुम्ही काढलेल्या विम्याच्या, आकड्याशेजारी यूएमचा आकडा बघा. दोन्ही सारखे नसतील तर एजंटला फोन करून सारखे करून घ्या. यूएम लायबिलिटीच्या वर सहसा नेता येत नाही, म्हणून लायबिलिटी कमी असेल तर आधी ती वाढवा. आणि यूएम नको असल्याच्या कागदावर हप्ता वाचवण्याच्या घाईत सही करू नका.