प्रशिक्षक कुठलाही आणा, आधी करार दाखवा!
सीमाभागातल्या फुटबॉलवाल्यांचा जाहीर इशारा

प्रति,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली

राष्ट्रीय संघ हरला की देशात एकच वाद सुरू होतो: प्रशिक्षक परदेशी हवा की देशी? बेळगाव, खानापूर, चिक्कोडी आणि निपाणी भागातले आम्ही फुटबॉलवाले या वादाला विटलो आहोत. प्रशिक्षक कोणत्या देशाचा, याच्याशी आमचे भांडण नाही. तुम्ही त्याला ज्या रीतीने आणता आणि ज्या रीतीने घालवता, त्या रीतीशी आमचे भांडण आहे. त्यामुळे हे विनंतीपत्र समजू नका. हा इशारा आहे आणि त्याची मुदत आजपासून ३० दिवस आहे.

मुदत तुम्हाला नवी नाही. क्रोएशियाच्या इगोर स्टिमॅच यांना तुम्ही १७ जून २०२४ रोजी काढले, तेव्हा त्यांनी तुम्हाला दहाच दिवस दिले होते. पैसे चुकते करा, नाहीतर फिफाच्या लवादाकडे जातो, असे त्यांनी बजावले. शेवटी ४ लाख डॉलर, म्हणजे सव्वातीन कोटी रुपयांहून जास्त रक्कम मोजून तुम्ही तडजोड केलीत. त्यांचा करार जून २०२६ पर्यंत वाढवला होता तो महासंघानेच. काढायची वेळ आली तर काय, याचे महासंघाला वाचवणारे कलम त्यात नव्हते, हेही नंतर महासंघानेच सांगितले. सव्वातीन कोटींत जिल्ह्याजिल्ह्यांतली किती मैदाने उभी राहिली असती, याचा हिशेब आम्ही मांडत बसत नाही. तो तुम्ही मांडायचा आहे.

त्यानंतर तरी शहाणपण यायला हवे होते. जुलै २०२४ मध्ये स्पेनचे मॅनोलो मार्केझ आले. ते त्याच वेळी एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. देशाचा संघ हे एका क्लबच्या प्रशिक्षकाचे जोडकाम झाले! आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, तोही मालदीवविरुद्ध. गोल करायला कोणी नाही म्हणून निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलावावे लागले. १० जून २०२५ ला हाँगकाँगने हरवले आणि जुलै उजाडताच मार्केझ गेले.

मग जाहिरात निघाली आणि १७० अर्ज आले. त्यांत पेप गार्डिओला आणि झावी यांच्या नावाचे ईमेल होते. झावींचा अर्ज खर्चामुळे बाजूला ठेवल्याची बातमी जगभर फिरली आणि मग ते ईमेल खरे नसल्याचा खुलासा तुम्हाला करावा लागला. अर्ज खरा की खोटा एवढे पाहण्याआधीच बातमी बाहेर जाते, त्या कार्यालयाने प्रशिक्षकाची पारख कशी करायची? जगात आपले हसे झाले आणि त्याची जबाबदारी कोणावरही आली नाही.

१ ऑगस्ट २०२५ ला खालिद जमील यांची निवड झाली. सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस या खुर्चीवर बसला. याच जमील यांनी २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली होती, तेव्हा त्यांच्या लायकीबद्दल शंका नको. पण पहिल्याच स्पर्धेसाठी मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. तरी संघ ओमानला हरवून तिसरा आला. पुढे १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात सिंगापूरने २-१ ने हरवले आणि २०२७ च्या आशिया चषकाचा दरवाजा बंद झाला. फातोर्डा आम्हाला दूर नाही, घाट उतरला की गोवा. छांगतेच्या गोलने आघाडी घेतलेला संघ आपल्याच मैदानावर हरला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानेही हरवले आणि जागतिक क्रमवारीत भारत १४२ वर घसरला.

आता पुन्हा कुजबुज ऐकू येते: परदेशी आणा. आणा की! पण आधी इतिहास नीट वाचा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. त्यात गोव्यात जन्मलेल्या नेव्हिल डिसोझाची हॅट्ट्रिक होती. त्या संघाला शिकवणारे सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशाने शिक्षक. १९५१ आणि १९६२ ची एशियाड सुवर्णपदके त्यांच्याच काळातली. दुसरीकडे, १९६४ च्या आशिया चषकात उपविजेतेपद मिळाले तेव्हा प्रशिक्षक हॅरी राइट हे इंग्रज होते. १९८४ नंतर २७ वर्षांनी, २०११ च्या आशिया चषकात आपल्याला नेले तेही इंग्रज बॉब हॉटन यांनी. स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांनी १७० च्या पलीकडे गेलेला संघ २०१७ मध्ये ९६ वर आणला.

बाहेरही हेच दिसते. २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता उझबेकिस्तानने स्वतःच्या मातीतल्या तिमूर कापादझे यांच्या हाताखाली मिळवली, तर जॉर्डनने मोरोक्कोच्या जमाल सेल्लामी यांच्या हाताखाली. इंडोनेशियाने पात्रता फेरी अर्ध्यावर असताना शिन ते-योंग यांना काढून पॅट्रिक क्लायव्हर्टसारखे मोठे नाव आणले आणि हाती काहीच लागले नाही. देशी जिंकतो, परदेशीही जिंकतो. ज्याच्या मागे व्यवस्था उभी असते तो जिंकतो.

आणि आपली व्यवस्था म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. घसरण खाली, जिल्ह्यात आहे आणि उपाय मात्र वर, एका खुर्चीवर शोधला जातो. आमच्या भागाचेच पाहा. बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर आणि सेंट पॉल्स शाळेत पोरे फुटबॉल खेळतात. गडहिंग्लजमध्ये फुटबॉल हा गावाचा खेळ आहे. निपाणीहून तासाभरावरच्या कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना असला की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला. त्या संघाचेही जर्मन प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम स्पर्धेच्या काही महिने आधी गेले आणि पोर्तुगालच्या लुईस नॉर्टन द मातोस यांना घाईघाईने आणावे लागले. पोरांनी कोणाचे ऐकायचे?

बेळगावच्या आसपास कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशा तीन राज्य संघटनांच्या हद्दी भिडतात. इतका फुटबॉल एवढ्याशा पट्ट्यात असूनही राष्ट्रीय प्रशिक्षकाचा माणूस इथे मैदानाच्या कडेला उभा राहून पोरांचा खेळ पाहतोय, असे दृश्य आम्हाला ठाऊक नाही.

म्हणून आमच्या मागण्या लेखी घ्या.

१. पुढची नेमणूक उद्या होवो की २०२७ मध्ये, तिचे निकष जाहिरातीआधी प्रसिद्ध करा. कोणाला का निवडले आणि कोणाला का नाकारले, हे तांत्रिक समितीने सहीनिशी सांगावे.

२. कराराची मुदत, वर्षाचे उद्दिष्ट, आढाव्याची तारीख आणि मुदतीआधी काढल्यास द्यायची रक्कम जाहीर करा. सुटकेचे कलम नसलेल्या करारावर सही करणाऱ्याने भरपाईची जबाबदारी घ्यावी.

३. राष्ट्रीय प्रशिक्षक पूर्णवेळ हवा. क्लबची नोकरी सांभाळून देश सांभाळणारा नको.

४. क्लबांनी खेळाडू कधी सोडायचे, याचे वर्षभराचे वेळापत्रक नेमणुकीआधी क्लबांकडून मान्य करून घ्या.

५. परदेशी प्रशिक्षक आलाच, तर त्याच्या हाताखाली दोन भारतीय सहायक असावेत आणि जिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांना शिकवण्याचे दिवस करारातच लिहावेत. प्रशिक्षकांचा डी लायसन्स कोर्स बेळगाव आणि निपाणीत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत घ्या. खेळ शिकवणाऱ्या शाळेच्या पीटी सरांना इंग्रजी येत नाही म्हणून त्यांना बाहेर ठेवू नका.

यातली एकही मागणी पैशांची नाही. पहिल्या चार मागण्या तर नुसत्या कागदावरच्या आहेत. ३० दिवस पुरून उरतील.

मुदत टळली तर काय होईल, तेही ऐकून ठेवा. फातोर्डा असो की बेंगळुरूचे कांतिरवा, राष्ट्रीय संघाच्या सामन्यांवर सीमाभागातून बहिष्कार पडेल. सरकारी मदत घेणाऱ्या संघटनेला माहितीचा अधिकार लागू होतो. त्याखाली गावागावातून अर्ज येतील आणि प्रत्येक प्रशिक्षकावर झालेल्या खर्चाचा, प्रत्येक भरपाईचा हिशेब मागितला जाईल. बेळगाव, चिक्कोडी, उत्तर कन्नड, कोल्हापूर आणि गोव्याच्या खासदारांना संसदेत हा प्रश्न विचारायला आम्ही भाग पाडू. हे सारे सनदशीर मार्गाने होईल, पण होईल.

आम्ही थकून गप्प बसू, या भरवशावर राहू नका. तारखा आणि आश्वासने यांच्यावर या भागाच्या पिढ्या वाढल्या आहेत. निवेदने कशी द्यायची आणि त्यांचा पाठपुरावा कसा करायचा, हे आम्हाला कोणी परदेशी प्रशिक्षकाने शिकवायला नको.

सीमाभागातल्या क्लबांना, तालमींना, शाळांना आणि पालकांनाही सांगणे आहे: या पाच मागण्या आपल्या लेटरहेडवर उतरवा, सह्या घ्या आणि दिल्लीला पाठवा. एक प्रत आपल्या राज्य संघटनेला द्या, एक खासदाराला द्या. पोच घ्यायला विसरू नका. एकतिसाव्या दिवशी ती लागणार आहे.