गाठ, तिची शेपूट आणि चायना ग्रास

दर महिन्याला मी इथे मोबाइल, ॲप नाहीतर ऑनलाइन फसवणुकीबद्दल लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे. सॉफ्टवेअर येतं त्यात, पण जरा उशिरा.

माझी धाकटी बहीण रेडिओलॉजीत एम.डी. करतेय. तीन वर्षांचा कोर्स, सध्या दुसरं वर्ष. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोट आणि बाळ एवढंच आठवतं. पण त्यांच्याकडे ‘स्मॉल पार्ट्स’ असा एक वेगळा प्रांत आहे : थायरॉइड, स्तन, अंडकोष, मानेतल्या-काखेतल्या गाठी, मनगट-खांद्याचे टेंडन. सगळं कातडीखाली दोन-चार सेंटिमीटरच्या आत. वरवरचं, म्हणजे सोपं असणार, असं मी एकदा म्हणालो. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

पोटासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात, इथे ७ ते १५ किंवा त्याहून वरचा. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात, म्हणजे १० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी जेमतेम ०.१५ मिलिमीटर. आवाज खोल जात नाही, पण जितका जातो तितक्यात फार बारीक दाखवतो. आणि खरी पंचाईत तिथेच आहे. इतकं दिसतं, की त्यातलं धरायचं काय आणि सोडायचं काय, हे शिकण्यातच महिने जातात.

पुस्तक सगळ्यांकडे सारखंच असतं, शिकायचं असतं ते हाताला. प्रोब जरासा कलला की धडधाकट टेंडन काळा दिसतो, जणू तुटलाय. थोडा दाब जास्त पडला की मानेतली मोठी शीर स्क्रीनवरून गायब. थायरॉइडच्या डाव्या भागामागे अन्ननलिका असते, ती नवख्याला हमखास गाठ वाटते. मग पेशंटला पाण्याचा घोट घ्यायला सांगायचं. घोट गिळताना आत हालचाल दिसली की कळतं, ही गाठ नव्हे.

सुई घालण्याचा सराव मात्र आमच्या स्वयंपाकघरातून सुरू झाला. गाठीतून पेशी काढायची सुई स्क्रीनवर बघत नेमकी जागेवर न्यावी लागते. त्यासाठी तयार मॉडेल मिळतात, पण महाग. ही चायना ग्रास उकळते, त्यात इसबगोल घालते, आणि गाठी म्हणून वाटाणे आणि द्राक्षं. इसबगोलाच्या कणांमुळे स्क्रीनवर ती जेली खऱ्या मांसासारखी दाणेदार दिसते. उंझ्या-सिद्धपूरचा इसबगोल जगभर जातो, पण त्याचा हा उपयोग आमच्या आईला पसंत नव्हता. फ्रिजमधला डबा उघडून तिनं एकदा ही जेली बाबांना वाढलीसुद्धा होती. जेली घरी करता येते, सराव मात्र हॉस्पिटलातच. पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफीचं मशिन कुठे आहे याचीही नोंद असते, ते उचलून घरी आणता येत नाही.

मार्चमध्ये आईच्या डॉक्टरांना तिच्या गळ्याशी काहीतरी हाताला लागलं. त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली. धाकटीचं पोस्टिंग तिथेच होतं, म्हणून मी आईला तिच्याकडेच घेऊन गेलो. खांद्याखाली उशी, मान मागे. धाकटी आधी गप्पा मारत होती, मग गप्प झाली. मला तिची पाठ दिसत होती, आणि तेवढ्यावरूनच कळलं.

सोळा मिलिमीटरची गाठ होती. थायरॉइडच्या गाठींसाठी टायरॅड्स नावाची गुणपद्धत आहे, अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेनं २०१७ मध्ये काढलेली. धाकटीनं मांडलं : घन गाठ २, बाजूच्या भागाइतकीच उजळ १, आत बारीक पांढरे ठिपके, म्हणजे कॅल्शियम, ३. एकूण ६. चौथा गट. या गटात १५ मिलिमीटर किंवा मोठी गाठ असली की सुई. तिनं मला बाहेर नेऊन सांगितलं तेव्हा तिचा आवाज डॉक्टरचा नव्हता.

मग तिच्या मॅडम आल्या. त्यांनी प्रोब हातात घेतला आणि मशिनवरचं एक बटण बंद केलं. त्या बटणाला कंपाउंडिंग म्हणतात. मशिन वेगवेगळ्या कोनांतून आवाज सोडतं आणि आलेल्या चित्रांची सरासरी काढतं. चित्र गुळगुळीत होतं, खरखर जाते. पण त्या खरखरीबरोबर कधीकधी कामाची खूणही जाते. बटण बंद झालं, आणि त्या ठिपक्यांच्या मागे बारीक शेपट्या उमटल्या, धूमकेतूसारख्या. प्रोब थोडा फिरवल्यावर दिसलं की गाठीत पाण्याचे कप्पे आहेत आणि शेपटीवाले ठिपके त्या पाण्यातच आहेत. म्हणजे तो घट्ट झालेला कोलॉइड, कॅल्शियम नव्हे. आता हिशेब असा : अर्धी घन अर्धी पाण्याची १, उजळपणा १, ठिपक्यांचे ०. एकूण २. सुई नको, पुन्हा तपासणीही नको.

ही गुणांची बेरीज मी वीस ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसवून देईन. तो प्रोग्रॅम धाकटीच्या आकड्यांवर सुई सांगेल आणि मॅडमच्या आकड्यांवर ‘घरी जा’ म्हणेल, दोन्ही वेळा बिनचूक. आणि शेपटी पुसली होती माझ्याच जातभाईंनी लिहिलेल्या कोडनं. चित्र स्वच्छ व्हावं म्हणूनच.

‘तरी सुई घालून खात्री करून घेऊ ना,’ असं मी म्हटलंच. धाकटीनं मला दक्षिण कोरियाचं सांगितलं. तिथे आरोग्य तपासणीत थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली आणि २०११ मध्ये या कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. त्यानं होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या, जन्मभराच्या गोळ्या लागल्या. पुष्कळांच्या त्या गाठीनं त्यांना कधीच काही केलं नसतं.

रात्री मी तिला विचारलं, मॅडम रागावल्या का? म्हणाली, ‘नाही रे दादा. म्हणाल्या, घरच्या माणसाचा रिपोर्ट आपण द्यायचा नसतो. आणि उद्यापासून आठवडाभर प्रत्येक गाठ बटण चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही तऱ्हेनं बघ.’

आईला आम्ही सगळं नीट समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

‘मग सहा महिन्यांनी परत करायची ना?’

‘नाही गं आई. गाठ वाढल्यासारखी वाटली, आवाज बसला, गिळायला त्रास झाला, तर लगेच जायचं. एरवी नाही.’

‘बरं. मग वर्षानं?’