जुन्या घरावर सौर छप्पर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत रायगड जिल्ह्यांतील आमच्या वडिलोपार्जित घरीं भावाभावांत एक वाद झाला. धाकट्याचें म्हणणें असें, कीं जुनीं मंगलोरी कौलें उतरवून त्यांच्या जागीं सौर कौलें बसवावीं. म्हणजे छप्पर व वीज हीं दोन्ही एकदमच साधतील. हा प्रश्न आज पुष्कळ पालकांच्या घरीं निघत असेल, म्हणून माझें मत येथें मांडतों.

योजना वाईट नाहीं. नवें घर बांधावयाचें असतें, तर मीच तिला अनुमोदन दिलें असतें. परंतु जुन्या घराचा विचार वाशांपासून करावा लागतो. मंगलोरी कौल—1865 सालीं बासेल मिशननें मंगळुरास ज्याचा कारखाना काढला तेंच हें—रिपांवर केवळ आपल्या वजनानें बसलेलें असतें. 3 जून 2020 रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां निम्मीं कौलें उडालीं. पण वासे जागच्या जागीं राहिले. सौर छप्पर रिपांस स्क्रूंनीं जखडलेलें असतें. वारा खालून शिरला, कीं त्याचा सारा ओढा वाशांवर येतो, आणि आमचे दोन वासे तर वाळवीनें पोखरलेले आहेत! (वजनाची भीति मात्र व्यर्थ होय, असें छप्पर कौलांपेक्षां बहुधा हलकेंच भरतें.)

दुसरी गोष्ट उष्णतेची. सौरघट तापला, कीं वीज कमी देतो. 25 अंशांपुढें दर अंशास शेंकडा 0.3 ते 0.4 इतकी तूट येते. चौकटीवर उंच बसविलेल्या पॅनेलांखालून वारा खेळतो, तसा तो छपरांतच बसविलेल्या कौलांखालून खेळत नाहीं. शिवाय आमचें घर चौपाखी. उत्तरेच्या पाख्यावर हिवाळ्यांत ऊन तिरपें, पूर्वेच्या पाख्यावर माडांची सावली. आम्हांस 2 किलोवॅट पुरे. त्यांस सुमारें 20 चौरस मीटर जागा लागते व दिवसास सरासरी 8 युनिट मिळतात. एवढ्यासाठीं चारही पाखीं उघडीं कां करावीं? परसांतील स्वयंपाकघराच्या स्लॅबवर साधीं पॅनेलें मावतात, आणि 2024 सालीं सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेंत 2 किलोवॅटांस 60,000 रुपये साहाय्य ठरविलेलें आहे.

धाकट्याचा एक मुद्दा मात्र मला खोडतां आला नाहीं. तो म्हणाला, "दादा, तीं पॅनेलें कुरूप दिसतील." दिसतीलच. इटलींतील पाँपेई येथें प्राचीन घरांचें रूप बिघडूं नये म्हणून मातीच्या कौलांसारखींच दिसणारीं सौर कौलें बसविलीं आहेत, हें मला ठाऊक होतें. त्या दिवशीं मी तें बोललों नाहीं.

अखेर ठरलें तें असें: नाताळच्या सुट्टींत सुतार बोलावून ते दोन वासे बदलावयाचे, पॅनेलें स्लॅबवर घालावयाचीं, आणि दक्षिणेच्या पाख्याचीं कौलें ज्या वर्षीं खरोखरच उतरवावीं लागतील, त्या वर्षीं सौर कौलांचा विषय पुन्हां काढावयाचा. धाकट्यानें हें माझ्याकडून सहीनिशीं लिहून घेतलें आहे.