शब्द तेच, कंठ दोन

आज तुकाराम बीज. या पुण्यदिनी चित्रपटाविषयी लिहिणे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. तथापि पुण्याच्या ‘प्रभात’ने १९३६ साली निर्मिलेला ‘संत तुकाराम’ पाहणे हे, प्रस्तुत लेखकाच्या मते, कीर्तनकारासाठी आत्मपरीक्षणच होय.

दामले व फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाने दाखविलेले विमान आणि इंद्रायणीतून परत आलेल्या वह्या यांचेच कौतुक आपण करीत असतो. वास्तविक या चित्रपटाचा चमत्कार निराळा आहे. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा गातात तेव्हा तो स्वर सभेकडे नव्हे, पांडुरंगाकडे जातो. दांभिक सालोमालो तुकोबांचीच रचना आपली म्हणून मिरवितो. शब्द तेच, परंतु सारा थाट श्रोत्यांना जिंकण्यासाठी. वाचिक अभिनय दोहोंकडे आहे, सात्त्विक मात्र एकाकडेच. भक्ती आणि भक्तीचे प्रदर्शन यांतील भेद इतक्या स्वच्छपणे ग्रंथांतही क्वचितच सापडतो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मराठीचे अक्षर न जाणणाऱ्यांनाही तो भिडला, तो त्यातील दृश्यांच्या बळावरच.

यातील बीज-वृक्षाचे रूपक मांडणारे पद शांताराम आठवले यांनी रचिले आणि केशवराव भोळे यांनी स्वरबद्ध केले. कित्येक जाणकारांना तो तुकोबांचाच अभंग वाटला! सालोमालोने दुसऱ्याचे ते आपले म्हटले. आठवल्यांनी आपले ते तुकोबांच्या चरणी असे वाहिले की, कवी वेगळा उरलाच नाही.

आणि गौरीने साकारलेली जिजाई? ती भांडते, रुसते. पण लेकरांची भूक तीच जाणते. तुकोबा वैकुंठास जातात, ती संसारात मागे राहते. आख्यानात तिला केवळ हास्यास्पद करणाऱ्या आम्हां कीर्तनकारांनी हे दृश्य पुनःपुन्हा पाहावे.

कबुली द्यावयास हवी. तरुणपणी या अचलपुरातच उत्तररंगात टाळ्या पडाव्यात म्हणून मीही तानांची आतषबाजी केली आहे. पुढे पडद्यावरील सालोमालोत स्वतःचे रूप दिसले आणि मान खाली गेली.

श्रोतेहो, आज कीर्तनास जाल तेव्हा बुवांच्या गळ्याची वाहवा थोडी आवरा. बीज मातीत लपते, म्हणूनच उगवते. गाणाराही तसाच लपला, तरच अभंग ऐकू येईल.