आकडा म्हणजे परिपूर्णता नव्हे



‘संगणकाने बुद्धिबळ सोडवले’ हे आपल्या लेखातील विधान साफ चूक आहे. पक्की उत्तरे सापडली आहेत ती पटावर 7 किंवा त्याहून कमी मोहरी उरलेल्या स्थितींची. डाव सुरू होतो 32 मोहऱ्यांनी. 2007मध्ये सुटला तो चेकर्स हा वेगळा पटखेळ.

इंजिनाचे, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमचे, रेटिंग 3600 म्हणजे तो परिपूर्णतेच्या उंबरठ्यावर, हे आपल्या लेखातील विधानही अमान्य. हे रेटिंग ठरवणारी एलो पद्धत खेळाचा दर्जा मोजतच नाही. ठरावीक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध अपेक्षित गुण सांगते. 400 गुणांची आघाडी म्हणजे दहा डावांत साधारण नऊ गुण, इतकेच. इंजिनांनी आपसांत खेळून मिळवलेला आकडा माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसनच्या सर्वोच्च 2882 रेटिंगशेजारी मांडणे दिशाभूल करणारे आहे. बरोबरीच्या स्थितीत परिपूर्ण खेळाडूही अचूक बचाव भेदू शकत नाही; त्याचे रेटिंग समोर कोण बसले यावरच ठरेल.

कृपया दुरुस्ती छापावी.

– एक बुद्धिबळप्रेमी वाचक, सांगली